नवरा तापाने फणफणलाय, आता सासूबाईंना कसं जपू?

पत्र आलंय "दमलेली सून" अशा सहीने. मजकूर थोडक्यात असा: नवऱ्याला परवापासून १०२-१०३ ताप, खोकला, अंग मोडून आलंय, डॉक्टरांनी तपासून फ्लू सांगितलाय. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाथरूम एकच. सासूबाई ७४ वर्षांच्या, डायबेटिस आहे, जुना दमा आहे. मुलगा चार वर्षांचा, तो रोज आजीच्या कुशीतच झोपतो. शिवाय धाकटा दीर. सुनेने नवऱ्याचं ताट-वाटी वेगळं केलंय, दाराच्या कड्यांना दिवसातून चार वेळा सॅनिटायझर चालू आहे, चादरी उकळत्या पाण्यात चालल्यात आणि आजारी माणसाला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. नवरा चिडलाय, म्हणतो मला वाळीत टाकलंय का. सासूबाई म्हणतात मला काही होत नाही, लेकाच्या उशाशी मीच बसणार. आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ: "मागे उलट्या-जुलाब घरात शिरले तेव्हाही हे सगळं केलं होतं, तरी तीन दिवसांत सगळे आडवे झाले, मग एवढं करून उपयोग काय?"

ताई, आधी ते उकळत्या पाण्याचं पातेलं खाली उतरवा आणि दोन मिनिटं बसा. तुम्ही कष्टात कुठेच कमी पडत नाहीये, उलट जरा जास्तच करताय, पण पहारा सगळा पुढच्या दारावर लागलाय आणि चोर मागच्या दाराने आत येतोय. मी डॉक्टर नाही, पण घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारं पोर दोन्ही सांभाळून झालंय आणि तुम्ही करताय त्या जवळपास सगळ्या चुका मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं समजते.

फ्लू मुख्यतः हवेतून जातो. माणूस खोकला, शिंकला, बोलला, नुसता श्वास सोडला तरी बारीक बारीक थेंब बाहेर पडतात, त्यातले जाड असतात ते थोड्या अंतरावर खाली पडतात, पण अगदी सूक्ष्म असतात ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, सिगरेटच्या धुरासारखे. हे धुराचं चित्र डोक्यात पक्कं करून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल. समजा तुमचा नवरा दिवसभर त्या खोलीत सिगरेट ओढतोय, तर तो धूर कुठे कुठे पोचेल, कुठे साठून राहील, कुणाच्या नाकात जास्त जाईल? ताट वेगळं केल्याने धूर थांबेल का? कडी पुसल्याने? खिडकी उघडल्याने मात्र नक्की कमी होईल, आणि तीच तर तुम्ही बंद करून बसलाय!

वाऱ्याने ताप वाढत नाही. अंगावर थेट झोत नको असेल तर पांघरूण द्या, पलंग जरा बाजूला ओढा, पण खिडकी उघडा. आणि इथे एक बारकी गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. आजारी माणसाच्या खोलीची खिडकी उघडली आणि वारा नेमका तिथून आत येऊन दारातून बाकीच्या घरात शिरत असेल तर आपणच सगळं त्याच्याकडून आपल्याकडे ढकलतोय. म्हणून खोलीचं दार बंद ठेवायचं, आणि एखादा टेबल फॅन असेल तर तो खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायचा, म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि घरातली ताजी हवा दाराखालच्या फटीतून आत ओढली जाते. चेक करायला टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी त्या फटीपाशी धरा, पट्टी खोलीच्या आत ओढली जात असेल तर बरोबर, तुमच्या पायाकडे उडत असेल तर फॅनची दिशा किंवा घरातल्या कुठल्या खिडक्या उघड्या आहेत ते बदलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि चार वेळा कड्या पुसण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त. छताचा पंखा नुसता तीच हवा ढवळतो, आणि घरातले बहुतेक एसी पण खोलीतली तीच हवा थंड करून परत सोडतात, त्यामुळे एसी चालू आहे म्हणजे हवा बदलतेय असं धरून चालू नका. हेपा फिल्टरवालं एअर प्युरिफायर आधीपासून घरात असेल तर तो लावा, चांगलं काम करतो, नसेल तर जीव जाळायची गरज नाही, उघडी खिडकी आहे.

आता मुख्य मुद्दा, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेला. तुम्ही सगळं कुंपण नवऱ्याभोवती घातलंय. माझं म्हणणं असं की कुंपण सासूबाईंभोवती घाला.

का ते सांगते. फ्लूमध्ये लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि लागण झाल्यापासून लक्षणं यायला १ ते ४ दिवस लागतात. म्हणजे नवऱ्याला ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तो तुमच्याशेजारी बसून जेवत होता, मुलाला कडेवर घेऊन फिरवत होता, त्याचे पापे घेत होता. ते झालं ते झालं, त्यात कुणाची चूक नाही, पण त्याचा अर्थ असा की आत्ता या क्षणी तुम्ही, तुमचा मुलगा, दीर, यातल्या कुणाच्याही अंगात तो शिरलेला असू शकतो आणि अजून कळलेलंही नसेल. आणि हा मुलगा रोज रात्री कुणाच्या कुशीत झोपतो? जिला डायबेटिस आणि दमा आहे तिच्या! नवऱ्याचं ताट वेगळं, चादर वेगळी, आणि पुढचा संशयित आठ-आठ तास सासूबाईंच्या नाकाशी नाक लावून. शिवाय लहान मुलांच्या अंगातून हा व्हायरस मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहतो.

तर आज रात्रीपासून पहिला बदल हा, मुलगा आजीजवळ झोपणार नाही. रडेल, आजी पण रुसेल, मला माहितीये. पण दुसरं काही जमलं नाही तरी हे एक जमवा. घरातला माणूस घरातल्या माणसाच्या जवळ सलग सगळ्यात जास्त वेळ कधी असतो, तर झोपेत, त्यामुळे झोपायची जागा बदलली की अर्धी लढाई तिथेच झाली. दोन खोल्यांत असं बसवता येईल बघा: नवरा एका खोलीत एकटा, दार बंद, खिडकी उघडी. दुसऱ्या खोलीत सासूबाई, खिडकीजवळ, आणि शक्यतो एकट्या. तुम्ही आणि मुलगा स्वयंपाकघरात अंथरूण टाका, दीर जिथे जागा मिळेल तिथे, गैरसोय आहे पण चार-पाच रात्रींचा प्रश्न आहे. नाहीच जमलं आणि सासूबाईंच्या खोलीत कुणी झोपावंच लागलं तर दिराने झोपावं, तेही जितकं लांब जमेल तितकं, आणि एकाचं डोकं एका टोकाला तर दुसऱ्याचं दुसऱ्या, समोरासमोर तोंडं नकोत. चार-पाच दिवस मुलाला ताप-खोकला काही आलं नाही तर (आणि दरम्यान तो बाबाच्या खोलीत गेला नसेल तर, नाहीतर मोजणी पहिल्यापासून) परत जाऊ दे आजीच्या कुशीत.

दुसरा बदल, माणसं वाटून घ्या. आत्ता नवऱ्याचा ताप तुम्हीच बघताय, सासूबाईंच्या गोळ्या-इन्शुलीन तुम्हीच बघताय, मुलाला भरवताय पण तुम्हीच, म्हणजे तिन्ही ठिकाणी फिरणारी एकच व्यक्ती, आणि व्हायरसला बस पकडायची असेल तर ती बस म्हणजे तुम्ही. दीर घरात आहे ना? मग सासूबाईंचं जेवणखाण, औषधं, इन्शुलीन, सगळं आजपासून दिराकडे. त्याला येत नसेल तर एकदा शिकवा, एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, मोठा झालाय तो. नवऱ्याचं तुम्ही बघा. आणि जर काही कारणाने दोन्ही तुम्हालाच करावं लागलं तर क्रम पाळा, आधी सासूबाई, मग नवरा, नवऱ्याकडून बाहेर आल्यावर साबणाने हात, वरचा कपडा बदलायचा, मगच पुढचं काम.

मास्कबद्दल लोक फार वैतागलेत हे मला कळतं पण हा फुकट मिळणारा फायदा सोडू नका. नवरा खोलीबाहेर पडेल तेव्हा त्याच्या तोंडावर, तुम्ही आत जाल तेव्हा तुमच्या तोंडावर. साधा सर्जिकल मास्क समोरच्याकडे जाणारे थेंब बऱ्यापैकी अडवतो पण बाजूने मोकळा असतो, आत जाणाऱ्या माणसाने एन-९५ घातला तर जास्त बरं, फक्त तो गालाला नीट चिकटून बसला पाहिजे, श्वास सोडल्यावर बाजूने हवा सुटत असेल किंवा चष्म्यावर वाफ येत असेल तर तो नुसता दागिना आहे. दाढी असेल तर असा मास्क नीट बसत नाही, दिराला सांगा. सासूबाईंना दम्यामुळे सतत घालणं झेपणार नाही, त्यांच्यावर जबरदस्ती नको, बाकीच्यांनी त्यांच्या खोलीत जाताना घालायचा. चार वर्षांचं पोर किती वेळ ठेवणार तोंडावर, ठेवला तर ठेवला. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क घालायचाच नाही, हे तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी असेल.

बाथरूम एकच आहे त्याचं असं करा की नवऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जावं, मास्क लावून, आणि तो बाहेर आल्यावर एक्झॉस्ट चालू किंवा खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ कुणी आत जाऊ नये. ब्रश आणि टॉवेल त्याचा त्याच्या खोलीत, एकाच ग्लासात पाचही ब्रश एकमेकांना टेकून उभे असतात ते आत्ता नको. अंघोळ दोन दिवस नाही केली तरी कुणी मरत नाही, गरम पाण्याच्या वाफेत बसून खोकत राहण्यापेक्षा ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलेलं बरं.

आता तुमचे कष्ट जरा कमी करते. फ्लूसाठी ताट वेगळं ठेवायची गरज नाही, साबणाने नीट घासलं की झालं, मात्र त्याचं उष्टं कुणी खाऊ नये आणि एका ग्लासातून पिऊ नये. चादरी उकळायची गरज नाही, नेहमीसारख्या साबणात धुवा, फक्त मशीनपर्यंत नेताना झटकू नका आणि छातीशी कवटाळून नेऊ नका. कड्या, नळ, स्विच, रिमोट हे दिवसातून एकदा, फार तर दोनदा पुसलं की पुरे, कडक गुळगुळीत वस्तूंवर फ्लूचा व्हायरस एक-दोन दिवस टिकू शकतो हे खरं आहे पण त्याचा रस्ता शेवटी आपल्या हातावरून आपल्याच डोळ्या-नाकात असतो, त्यामुळे हात धुतले की तो रस्ता तिथेच कापला जातो. २० सेकंद, साबण, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. आणि तो मोबाईल पुसा हो, कड्या चार वेळा पुसणारी माणसं मोबाईल आठवड्यातून एकदाही पुसत नाहीत आणि आजारी माणसाचा मोबाईल पोराच्या हातात कार्टून बघायला दिलेला असतो!

हात धुण्याची गोष्ट निघाली म्हणून, १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात शिरण्याआधी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि तिथले बाळंतिणींचे मृत्यू धाडकन खाली आले, तरीही बाकीचे डॉक्टर त्याच्यावर चिडलेच, की आमचे हात घाणेरडे म्हणतोस का. तुमचा नवरा चिडलाय ना, तो काही जगावेगळा नाही.

त्याच्याकडे येते, पण आधी ते उलट्या-जुलाबाचं, कारण तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर तिथे आहे. फ्लू, कोविड यांच्या व्हायरसभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण किंवा अल्कोहोल लागलं की ते फाटतं आणि खेळ खल्लास. पण घरच्या घरी सगळ्यांना आडवं करणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे बऱ्याचदा जो नोरोव्हायरस असतो त्याला हे आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. म्हणजे तुम्ही तेव्हा प्रामाणिकपणे दिवसातून दहा वेळा हाताला सॅनिटायझर चोळत होता आणि तो मजेत हातावर बसून होता. तिथे साबण आणि वाहतं पाणी लागतं, चोळून धुऊन टाकायचं. आणि हा अगदी थोडासा पोटात गेला तरी पुरतो, लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत माणूस आडवा होतो, तुमचं ते तीन दिवसांचं गणित बरोबर जुळतं बघा.

आमच्याकडे पण सेम झालं होतं. पोराने रात्री दोन वाजता सोफ्यावर उलटी केली, मी झोपेत फडकं घेतलं, पुसलं, त्याच फडक्याने आजूबाजूची फरशी पुसली, त्याच फडक्याने उत्साहाच्या भरात अख्खा हॉल, वर छान वासाचं फिनाईल, आणि सकाळी सगळ्यांना नाश्ता पण मीच दिला. म्हणजे सगळ्या घरभर लावायचं काम मी स्वतः केलं, फक्त सुगंधी.

तिथे काय करायचं असतं ते लिहून ठेवा, पुढे कधीतरी लागेल. उलटी झाली की बाकीच्यांना बाहेर काढा, खिडकी उघडा, हातमोजे आणि मास्क घाला, आधी पेपर टाकून सगळं टिपून पिशवीत बांधून टाका, मग ती जागा आणि आजूबाजूची बरीच मोठी जागा (उलटी आपल्याला दिसते त्यापेक्षा लांब उडते) ब्लीचच्या पाण्याने ओली करा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या, लगेच पुसायचं नाही. बाटलीवर साधारण पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, रोज ताजं बनवायचं. हे टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा कुठल्याच दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, ॲसिडवाल्यात मिसळलं की क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं, आणि घरात दम्याचा पेशंट असताना तर विचारच नको. त्या आजारात संडासच्या सीटचं झाकण लावून फ्लश करायचं, टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात (हां, इथे तुमचं गरम पाणी कामाचं). आणि ज्याला झालंय त्याने उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, कारण बरं वाटलं तरी व्हायरस त्याच्या शौचातून बाहेर पडतच असतो, दोन आठवडे किंवा जास्तही. घरात सगळ्यांसाठी रांधणारी बाईच आजारी असेल तर ती बरं वाटल्या वाटल्या उठून कामाला लागते आणि सगळ्यांना वाढते, दुसरी लाट येते ती इथूनच. तुमच्याकडे तेव्हा तेच झालं असणार असा माझा अंदाज, चुकले तर कळवा.

म्हणजे बघा, एकाच घरात एका आजाराला खिडकी लागते आणि दुसऱ्याला बादली. तुम्ही दोन्हीला सॅनिटायझर दिलं. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर औषधाबरोबर हे पण विचारायचं की हा कुठल्या वाटेने पसरतो आणि किती दिवस. क्षयरोगाची माणसं आजही लोक ताट-वाटी वेगळी देऊन दुखावतात, तो ताटातून कपड्यातून पसरतच नाही, तो हवेतून जातो, तोही फुप्फुसाचा असेल तर, आणि योग्य औषधं नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पसरायचं प्रमाण खूपच कमी होतं, खरं काम असतं ते घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्यायचं, पाच वर्षांखालच्या मुलांची तर नक्कीच. डोळे आलेल्या माणसाकडे बघून डोळे येत नाहीत, टॉवेल, उशी आणि ड्रॉपची बाटली शेअर केली की येतात. खरूज एकाला झाली तरी औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नसली तरी, कारण पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. कांजिण्या आल्या तर आधी बघायचं की घरात गरोदर बाई किंवा कधीच कांजिण्या न झालेलं मोठं माणूस आहे का, असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोवराचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी व्हायरस दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, तिथे खरा उपाय लसच, आणि लस घेतलेली नसेल तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत घेतलेलीसुद्धा कामी येऊ शकते. आणि डेंग्यू तर माणसाकडून माणसाला जातच नाही, मधे डास लागतो, म्हणून तापाच्या दिवसांत मच्छरदाणी आजारी माणसाला द्यायची, लोक नेमकं उलट करतात, बाकीचे सगळे मच्छरदाणीत आणि पेशंट बाहेर.

असो, भरकटले. नवऱ्याचं बघू.

वाळीत टाकल्यासारखं वाटतं कारण कारण न सांगता सगळं होतं, अचानक ताट बदलतं, बायको दारातून वाटी सरकवून पळते. त्याला धुराचं उदाहरण तसंच्या तसं सांगा. सांगा की हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी आहे, आणि तू दार बंद करून बसतोस तेव्हा घरातलं सगळ्यात मोठं काम तू करतोयस. ताट तर त्याचं परत नेहमीचंच द्या, बघा किती फरक पडतो. त्याच्या खोलीत मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसायला काही हरकत नाही, धोका वेळेने वाढतो, दहा मिनिटं आणि अख्खी रात्र एक नाही. मुलाला व्हिडिओ कॉल, बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी टकटकीचा खेळ, काय सुचेल ते. आणि दार बंद आहे म्हणून त्याला विसरू नका, दर दोन-तीन तासांनी विचारा, पाणी पितोय का, लघवी होतेय का.

सासूबाईंशी मात्र सरळ वाद घालू नका, हरणार तुम्ही. "तुम्हाला होईल" असं म्हटलं की त्या अजून हट्टाने बसतील. त्याऐवजी लेकालाच बोलू द्या, त्याने फोनवर सांगितलं की आई तू आत आलीस आणि तुला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही, तर ऐकतील, सुनेने सांगून जे होत नाही ते लेकाच्या एका वाक्याने होतं हे आपल्याला कितीही टोचलं तरी या आठवड्यात वापरून घ्या. आणि त्यांना काम द्या. त्याचा ताप किती, गोळी कधी दिली, पाणी किती प्यायला, हे सगळं वहीत लिहायची जबाबदारी त्यांची, तुम्ही दाराबाहेर येऊन सांगायचं आणि त्यांनी लांबून लिहायचं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजींनी अशी वही इतकी चोख ठेवली की डॉक्टरांनी कौतुक केलं, आणि आजी पूर्ण आठवडा त्या खोलीत फिरकल्या नाहीत.

आता फोन करायचं काम, ते उद्यावर ढकलू नका. सासूबाईंच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की घरात फ्लू आहे, वय ७४, डायबेटिस, दमा, त्यांना आधीच काही द्यायचं का. फ्लूवर व्हायरसविरोधी औषध असतं, ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि अशा जोखमीच्या माणसाला लक्षणं नसताना बचावासाठीसुद्धा काही वेळा देतात, तो निर्णय डॉक्टरांचा. घरातली उरलेली अँटिबायोटिक कुणालाही देऊ नका, व्हायरसवर ती चालत नाहीत. फ्लूची लस यावेळी लगेच कामी येणार नाही कारण तिला साधारण दोन आठवडे लागतात, पण सगळे बरे झाले की दरवर्षी घ्यायची म्हणून लावून घ्या, सासूबाईंनी आणि तुम्हीही, कारण त्यांच्याभोवती वावरणाऱ्यांनी घेतली की त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच अरुंद होते. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच फोनमध्ये विचारून टाका.

सासूबाईंना ताप न येता नुसती ग्लानी आली, बोलणं असंबद्ध झालं, जेवण एकदम सोडलं, शुगर अचानक वर-खाली व्हायला लागली तरी ते फ्लूचं असू शकतं, म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा कुणाचाही ताप उतरून एक-दोन दिवसांनी परत चढला आणि खोकला वाढला, तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी. मुलाच्या बाबतीत श्वास भराभर चालणं, बरगड्या आत ओढल्या जाणं, आठ तास लघवी न होणं, नीट जागं न होणं.

हे सगळं किती दिवस, असं विचाराल तुम्ही. नवऱ्याचा ताप गोळीशिवाय पूर्ण २४ तास आला नाही आणि एकूण बरं वाटायला लागलं की खोलीबाहेर यायला हरकत नाही, पण पुढचे पाच दिवस मास्क आणि खिडक्या चालू, आणि आईजवळ बसायचं असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस होऊन जाऊ देत.

राहिलात तुम्ही. पत्रात सगळ्यांचं लिहिलंय, स्वतःचं एक अक्षर नाही. पुढची लागण तुम्हाला व्हायची शक्यता सगळ्यात जास्त, त्यामुळे त्याची तयारी आजच करून ठेवा, म्हणजे कोण काय करणार, औषधं कुठे आहेत, डॉक्टरांचे नंबर, हे सगळं दिराला माहिती हवं. घसा जरा जरी खवखवला की मास्क लावून त्याच खोलीत नवऱ्याशेजारी जाऊन झोपा, दोघांना एकच आजार असेल तर एकत्र राहायला काही अडचण नाही, आणि तुम्हाला कदाचित आठवड्यात पहिल्यांदाच कुणी हातात चहा आणून देईल. दिराला आत्ताच हाक मारा, टिश्यूची पट्टी दाराखाली धरायला दोन माणसं लागतात.